झोळीची गाठ

फिल्मच्या सुरुवातीला पडद्यावर अक्षरं येतात, ‘लातूरच्या एका गल्लीतील महिलांचा बालसंरक्षण गट’. ती वाचली की मला आजही हसू येतं आणि रागही येतो. गट कसला हो? अध्यक्ष नव्हती, सचिव नव्हती, रबरी शिक्का नव्हता. आमची नीलम्मा तर त्या फिल्मवाल्या बाईंना तोंडावर म्हणाली होती, "गटबिट काय न्हाई बाई. आमी बसायला जातो." बाईंना वाटलं, ही विषय सोडून बोलतेय. अहो, विषय तोच होता! दुसऱ्याच्या घरी बसायला जाणं, हेच आमचं काम होतं. ते सुरू झालं शरणम्मामुळं, आणि फिल्ममध्ये शरणम्मा कुठं आहे म्हणाल तर इनमीन दोन-चार मिनिटं. म्हणून मला बोलावं लागतंय.

मी पंचशीला. मूळची नांदेडची, आता नोकरी संपवून परत नांदेडलाच राहते. लातूरचा जिल्हा झाला त्याच्या आगेमागे मला तिथं बालवाडीची नोकरी लागली. जिल्हा झाला आणि गावाच्या अंगात आलं. आज ही कचेरी उघडली, उद्या ती पाटी लागली, आणि भाडी तर विचारूच नका. त्यात मी एकटी बाई आणि वर बौद्ध. नाव सांगितलं की घरमालकाची खोली नेमकी "आत्ताच गेली" असायची. शेवटी मठगल्लीच्या तोंडाशी, बालवाडीच्या भिंतीला लागून, पत्र्याची एक खोली मिळाली. उन्हाळ्यात तिच्यात नुसतं बसलं तरी माणूस भाजून निघायचं.

मठगल्लीत बहुतेक लिंगायतांची घरं. कुणी गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडतीवर, कुणाचं छोटं दुकान, कुणी शिलाई करणारं. शरणम्मा त्यांच्या जंगमाची बायको. जंगम म्हणजे त्यांचे स्वामी. सकाळी कपाळाला विभूती लावून खांद्याला झोळी अडकवायची, ठरलेल्या घरांच्या दारात उभं राहून "कोरान्न भिक्षा" म्हणून हाक द्यायची. घरच्या बाईनं मूठभर जवारी नाहीतर पीठ झोळीत घालायचं आणि पाया पडायचं. तिचा नवरा विरूपाक्ष लवकर गेला. पोटी मूलबाळ नाही. झोळी चुलत दिराकडं जायची ठरली, तर ही बाई ती आपल्याच खांद्याला लावून दारात येऊन उभी राहिली. जाणती माणसं खवळली. बाईमाणसानं झोळी घ्यायची? ती म्हणाली, "गळ्यात लिंग बांधताना बाई चालती, मग खांद्यावर झोळी कामून चालत न्हाई?"  बोलणारे बोलत राहिले, ती फिरत राहिली.

मला ती बिल्कुल आवडायची नाही, खरं सांगते. माझ्या आज्यानं छप्पन साली गावकीची भाकर मागणं सोडलं. त्याआधी तो दारोदार जायचा आणि लोक लांबून भाकर टाकायचे. आणि इथं ही बाई मागते तर लोक तिच्या पायावर डोकं ठेवतात! मागणं तेच ना? मग हिच्या मागण्याला पुण्य आणि आमच्या मागण्याला विटाळ, हे कुणी ठरवलं? ती रोज माझ्या दारावरून पुढं जायची. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "का हो अम्मा, आमचं घर दिसत नाही वाटतं?"

"दिसतंय की," ती म्हणाली. "तुज्याकडं मागायचा मला हक्क न्हाई."

"हक्क नाही, का विटाळ होतो?"

तिनं झोळी सावरली आणि पुढं गेली. मला फार समाधान झालं त्या दिवशी.

पण बालवाडीत लेकरं येतात, आणि लेकरांच्या अंगावर सगळं लिहिलेलं असतं. हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की ज्या लेकराच्या पाठीवर मी वळ बघितलेत, त्याच्या घरी दोन दिवसांत गल्लीतल्या बाया जाऊन बसतात. आठ-दहा जणी. कुणी वाती वळत, कुणी मटकी निवडत. भांडण नाही, शिव्या नाहीत. नुसत्या बसतात, आणि ते लेकरू मधे घेऊन बसतात. घरधनी संध्याकाळी येतो, बघतो, तर ओसरी बायांनी भरलेली. "काय काम हाय?" "काय न्हाई, बसायला आलाव." दुसऱ्या दिवशी पुन्हा. चार दिवस असं झालं की त्या माणसाचा हात आपोआप आखडायचा. सगळ्यांदेखत कोण मारणार?

नीलम्मा समोरच शिलाई मशीन चालवायची. जीभ अशी की तिच्याशी भांडायला गेलेला माणूस रडत परत यायचा. तिला मी विचारलं, "तुम्हाला कळतं कसं हो?"

"अम्मा सांगती."

"काय सांगते?"

"तोंडानं काय न्हाई सांगत. झोळीला गाठ मारती."

तर ते असं होतं. रोज प्रत्येक दारात उभी राहणारी गल्लीत एकच बाई. तिला बघून दार कुणी लावून घ्यायचं नाही. घरात काय चाललंय ते तिला उंबऱ्यावरून दिसायचं, ऐकू यायचं. पण दारात दिसलेलं ती कधीच कुणाला बोलायची नाही. झोळीवाल्यानं एका घरचं दुसऱ्या घरी सांगितलं की दारं बंद होतात, आणि दारं बंद झाली की पुन्हा काही दिसत नाही. म्हणून तिनं तिचा मार्ग काढला होता. ज्या घरात लेकराला छळतात तिथं ती भिक्षा घ्यायची नाही. वाटी पुढं आली की झोळीचं तोंड धरून गाठ मारायची आणि तिथंच गप उभी राहायची. जंगमानं भिक्षा नाकारली यापेक्षा मोठी बेअब्रू त्या लोकांत नाही. गल्लीतल्या बाया बघायच्या आणि दुपारची भांडी उरकून बसायला जायच्या. मला हे कळलं तेव्हा तिच्यावरचा राग थोडा कमी झाला. थोडाच.

मग दुष्काळ आला. एक नाही, लागोपाठ वर्षं कोरडी गेली. विहिरींचा तळ दिसला, नळाला फुस्स वारा यायचा, टँकर आला की गल्लीत घागरींची लढाई. गंजात माल येईना, म्हणून आडतीवरचे हमाल आणि माल तोलणारे तोलार घरी बसले. घराघरातले कणगे रिकामे झाले. अशात शरणम्मा दारात उभी राहायची आणि घरच्या बाईचा जीव कानकोंडा व्हायचा, झोळीत घालू काय? एका म्हातारीनं तर दाराआड लपून रडून घेतलं. तिथून शरणम्मानं ठरवलं, ज्या घरात दाणा नाही त्या घरी हाक द्यायची नाही. झोळी गुंडाळून काखेत मारायची आणि न थांबता पुढं जायचं. कुणाला शरम वाटायला नको. बायांनाही ते कळलं. अम्मा एखाद्या दारावरून झोळी काखेत मारून पुढं गेली की आपसात पीठ गोळा करायचं आणि त्या घरी नेऊन द्यायचं. कुणी कुणाला सांगितलं नाही, आपोआप रीत पडली.

दोन्ही खुणा झोळीच्याच. गाठ मारून उभी राहिली तर घरात लेकरू मार खातंय. गुंडाळून पुढं गेली तर घरात दाणा नाही. लांबून बघणाऱ्याला फरक एवढाच, ती थांबली का नाही. त्यातला धोका कुणाच्या डोक्यात आला नाही. माझ्याही नाही.

गल्लीच्या टोकाला माणिकप्पा राहायचा. गंजात तोलार होता, त्या वर्षी बसून होता. बायको महादेवी. त्यांच्याकडं शिवगंगा नावाची पोर आली होती, माणिकप्पाच्या मयत भावाची. गाव भोकरकडचं. बापामागं आई दुष्काळी कामाला खडी फोडायला गेली आणि उष्माघातानं तीही गेली. चुलता पोरीला घेऊन आला तेव्हा गल्लीनं त्याचं कौतुक केलं, स्वतःचंच भागत नाही तरी भावाचं लेकरू आणलं म्हणून. नऊ-दहा वर्षांची असेल. पहिल्या महिन्यात टँकरवर घागर घेऊन दिसायची, मग दिसेनाशी झाली. "शाळंत घातलीय," महादेवी म्हणाली. कुठल्या शाळेत ते कुणी विचारलं नाही.

त्याच दिवसांत ही फिल्मवाली बाई आली. पुण्याहून. दुष्काळातल्या बायांवर फिल्म करून राहिली होती. आधी नांदेडला गोदावरीचं कोरडं पात्र वगैरे घेऊन झालं होतं. बसायला जाण्याचं तिनं कुठूनसं ऐकलं आणि मठगल्लीत मुक्कामच टाकला. मनानं चांगली होती, पण तिला सगळंच सुंदर दिसायचं. घागरींची रांग सुंदर, नीलम्माच्या हातावरचं गोंदण सुंदर, माझा तापलेला पत्रासुद्धा सुंदर. मी म्हटलं, "बाई, दुपारी या आणि त्याला हात लावून बघा."

एके सकाळी शरणम्मा माणिकप्पाच्या दारात गेली. पुढचं मला तिनंच नंतर सांगितलं. महादेवी वाटी घेऊन बाहेर आली. आतल्या खोलीतून आवाज आला, रडण्याचा नव्हे, रडून संपल्यावर लेकरू नुसतं कण्हतं तसा. शरणम्मानं विचारलं, "कोण हाय आत?" महादेवी म्हणाली, "मांजर हाय." शरणम्मानं झोळीचं तोंड धरलं, गाठ मारली. आता उभं राहायचं. पण तिला आदल्या दिवसापासून ताप होता, पोटात अन्न नव्हतं, उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी आली. पडू नये म्हणून ती झोळी काखेत दाबून भिंतीला धरत पुढं सरकली आणि कोपऱ्याआड, टँकरवरून दिसत नाही तिथं, कोसळली. तिच्या दिरानं तिला उचलून घरी नेलं, आणि शुद्ध नसतानाच एसटीत घालून उदगीरला बहिणीकडं पोचवलं.

टँकरच्या रांगेतून बायांनी काय बघितलं? घागरींच्या गर्दीतून नजर गेली तेव्हा अम्मा माणिकप्पाच्या दारावरून झोळी काखेत मारून, न थांबता पुढं चाललेली.

"आरं देवा," नीलम्मा म्हणाली, "माणिकप्पाकडं बी सरलं वाटतं."

आणि बायांनी पीठ गोळा केलं. स्वतःच्या घरात उद्याची चिंता असताना कुणी मूठ दिली, कुणी ओंजळ दिली. डबा भरला. सगळ्या मिळून माणिकप्पाच्या दारात गेल्या. फिल्मवाली कॅमेरावाल्याला घेऊन मागोमाग. महादेवीनं डोळ्यांना पदर लावून पीठ घेतलं. नीलम्मा तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "रडू नगंस गं, हे बी दिस जातील." मी गेले नव्हते. मी काही शहाणी होते म्हणून नव्हे, माझ्या घरचं पीठ महादेवीला चाललं नसतं म्हणून. संध्याकाळी फिल्मवाली माझ्या खोलीत चहा पिताना सांगत होती, "पंचशीलाताई, आजचा शॉट म्हणजे सगळ्या फिल्मचा आत्मा आहे."

शरणम्मा आठवड्यानं परत आली. एसटीतून उतरली ती घरीसुद्धा गेली नाही, काठी टेकत सरळ टँकरवर आली. अंगावरची कातडी सैल झाली होती. फिल्मवालीचा कॅमेरा तिथं लागलेलाच होता. बाईंनी मोठ्या आदरानं विचारलं, "अम्मा, या दुष्काळाबद्दल काही सांगाल?" शरणम्मानं तिच्याकडं बघितलंही नाही. ती नीलम्माला म्हणाली, "बसायला गेलतीव न्हवं?"

"कुणाकडं अम्मा?"

ती घोटाळली. नाव तोंडातून काढायचं नाही हा तिचा आयुष्याचा नेम. म्हणाली, "जिथं म्या गाठ मारली तिथं."

नीलम्मानं घागर खाली ठेवली. "गाठ? तुमी तर माणिकप्पाच्या दारावरून झोळी काखंत मारून गेलतीव. आमी पीठ दिऊन आलाव की! डबाभर."

"पीठ?" शरणम्मा म्हणाली. "पीठ दिलं?"

तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती मटकन खाली बसली, लगेच उठली, आणि भर गल्लीत, टँकर, ड्रायव्हर, कॅमेरा, सगळ्यांच्या देखत ओरडली, "अगं बायानू, माणिकप्पाच्या घरात लेकरू मारून राहिलेत! पोरगी हाय आत! माणिकप्पाच्या घरात!"

फिल्ममध्ये तुम्ही बघता ती शरणम्मा हीच. बघणाऱ्याला वाटतं, म्हातारी फार धीट आहे. धीट काय? जन्मभराचा नेम तिनं रस्त्यावर टाकून दिला होता.

घागरी तशाच पडल्या. आम्ही पळालो. मीही पळाले, आणि त्या दिवशी माणिकप्पाचा उंबरा ओलांडताना मला कुणी अडवलं नाही. महादेवी आडवी झाली, नीलम्मानं तिला बाजूला सारलं. आतल्या खोलीला बाहेरून कडी. उघडली. शिवगंगा कोपऱ्यात होती. हाताला भाजल्याच्या जखमा, काही सुकलेल्या, काही ओल्या. अंग म्हणजे नुसती हाडं. जास्त सांगत नाही, सांगवत नाही. दाराबाहेर फळीवर बायांनी दिलेला पिठाचा डबा होता, अर्धा झालेला.

माणिकप्पा आला. "माज्या घरचा मामला हाय," म्हणाला. "पोरगी चोरी करती, चुलीतलं चोरून खाती. वळण लावायला नको?" भुकेल्या लेकरानं खाल्लं त्याला हा चोरी म्हणत होता! शरणम्मा मधोमध बसली होती, पोरीचं डोकं मांडीवर. ती म्हणाली, "आमी बसायला आलाव माणिकप्पा. आज उठणार न्हाई." पोलीसपाटलाचं काम नव्हतं ते, चौकीतून जमादार आला. तोही आधी "घरातलं घरात मिटवा" म्हणत होता, पण कॅमेरा बघून त्याला कायदा आठवला. पोरीला दवाखान्यात नेलं.

दवाखान्यातून सोडल्यावर प्रश्न पडला, ठेवायची कुठं? भोकरकडं तिचं कुणी उरलं नव्हतं. नांदेडला रेल्वेत गँगमन असलेला मामा होता, त्याला कळवून तो येईपर्यंत सांभाळायला हवी होती. माणिकप्पा तर सांगत फिरत होता की मी पोरीला ओढून आणणार. गल्लीतलं कुठलं घर त्याला अडवणार? सगळे नात्यातले, नाहीतर मिंधे. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. शरणम्मा पोरीला घेऊन उठली आणि माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"पंचशीलाबाई, हिला तुज्या घरात ठेव."

"माझ्या? का बरं?"

ती खाली बघत म्हणाली, "तुज्या उंबऱ्यात तो पाय टाकणार न्हाई."

मला समजायला एक क्षण लागला. समजलं तेव्हा डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! "म्हणजे माझा विटाळ आज तुमच्या कामाला आला की अम्मा!"

"हाव," ती म्हणाली. "आला. मला शरम वाटती. मला काय बी बोल, चार लोकांत बोल. पन लेकरू ठेव."

मी पोरीचा हात धरून आत घेतलं. शरणम्मा तिच्यामागून आत आली, माझ्या चटईवर बसली आणि म्हणाली, "पानी दे गं." मी माठातलं पाणी दिलं. ती घटाघटा प्याली.

आणि झालं अगदी तिनं सांगितलं तसंच. माणिकप्पा आला, रस्त्यावर उभा राहून अर्वाच्य बोलला, दोन-तीनदा उंबऱ्यापर्यंत आला आणि परत फिरला. दारात शरणम्मा बसलेली, आत शिवगंगा माझ्या साडीला घट्ट धरून उभी होती. मी आतून म्हटलं, "या की माणिकप्पा, चहा ठेवते." तो गेला. पुढं त्याच्यावर केस झाली, तारखा पडत राहिल्या, शिक्षा म्हणावी तशी काही झाली नाही. त्याचा मला अजून संताप येतो. पण पोर त्याच्या हाती पुन्हा लागली नाही.

शरणम्माला मात्र त्या ओरडण्याची किंमत मोजावी लागली. मठातून निरोप आला की जंगमानं घरची अब्रू चव्हाट्यावर आणली, हे शोभलं नाही. दुसऱ्या दिवशी ती फेरीला निघाली तर निम्मी दारं लागलेली. कालपर्यंत पाया पडणारी घरं! उद्या ही आमच्या घरचं ओरडेल, अशी भीती. ती बंद दारापुढंही हाक द्यायची, थांबायची, पुढं जायची. नीलम्मा चिडून म्हणाली, "कामून जाताव अम्मा, आब्रू घालवायला?" ती म्हणाली, "दार लागलं म्हून आतलं लेकरू जातं का कुटं?" शेवटपर्यंत ती फिरली. जेवण कधी नीलम्माकडं, कधी माझ्याकडं. हो, माझ्याकडं. मठगल्लीनं त्यावरही बोलून घेतलं. भूकंपाच्या वर्षाआधी ती गेली. लिंगायतांत बसवून पुरतात, तशी तिलाही बसवली. मला जरा बरं वाटलं, बसायला जाणारी बाई बसूनच गेली म्हणून.

पण मी पुढं धावले. एक दुपार सांगायची राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय हे सगळं फुकट आहे.

पाऊस झाला, पिकं उभी राहिली, तेव्हा फिल्मवाली फिल्म घेऊन आली. भाड्याचा टीव्ही आणि व्हिडिओ आणला, बालवाडीच्या खिडक्यांना चादरी बांधल्या. गल्लीतल्या सगळ्या बाया दाटीवाटीनं बसल्या. शिवगंगाही होती. मामाच्या घरी नांदेडला तिचं चांगलं चाललं होतं, मामी जीव लावत होती. फिल्मसाठी मामा तिला घेऊन आला होता. ती माझ्या गुडघ्याला टेकून बसली. बोलायची फार कमी.

सुरुवातीला हसाहशी चालली होती. नीलम्मा स्वतःला बघून म्हणाली, "अगं बया, मी एवढी जाडी हाय?" मग तो शॉट आला. पिठाचा डबा घेऊन बाया माणिकप्पाच्या दारात. महादेवी डोळ्याला पदर लावतेय. नीलम्मा तिच्या पाठीवरून हात फिरवतेय. मागं सनई.  कुणाला बघवेना, नीलम्मानं मान खाली घातली.

आणि मला माझ्या गुडघ्याजवळून आवाज आला, "ती मी."

"कुठं गं?"

शिवगंगानं बोट केलं. महादेवीच्या खांद्यामागं, आतल्या अंधारात, काहीतरी उभं होतं. तोंड दिसत नव्हतं. छातीशी धरलेलं काहीतरी पांढरं तेवढं दिसत होतं.

"हातात काय आहे ते?"

"गठुडं," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, शाळेतलं सांगावं तसा. "कडी लावायची इसरली व्हती त्या दिशी काकू. लई बाया आल्या म्हून मी बघितलं. मला वाटलं मला न्यायला आल्याव. म्हून झगा बांधून घेतला. मग तुमी काकूला पीठ दिलाव आन् गेलाव."

कॅमेरावाल्यानं ते टिपलं होतं. पुण्याला फिल्म जोडणाऱ्यांनी ते शेकडो वेळा बघितलं असेल. आमच्यातल्या दहा जणी त्या दारात उभ्या होत्या. ती पोर गाठोडं घेऊन हातभर अंतरावर उभी होती, आणि एकीलाही दिसली नाही.

नीलम्मा हमसून रडायला लागली.  मग ओरडली, "काढा ते! बाई, ते काढून टाका फिल्ममधनं! पाया पडते!" फिल्मवाली स्वतःच रडत होती. "काढते," म्हणाली, "आजच काढते."

शरणम्मा मागच्या भिंतीशी होती. ती उठली, बायांमधून वाट काढत आली. जिच्या पायावर सगळी गल्ली डोकं ठेवायची त्या बाईनं त्या पोरीच्या पायावर डोकं ठेवलं. शिवगंगा घाबरली, पाय ओढून घेतले. शरणम्मा म्हणाली, "लेकरा, गाठ म्या मारली व्हती गं. पन तोंडानं बोलायला लई उशीर केला." मग डोळे पुसून तिनं विचारलं, "तूच सांग. ठेवायचं का काढायचं?"

पोरीनं टीव्हीकडं बघितलं. चित्र तिथंच थांबवलं होतं, थरथरत होतं.

"ठिवा," ती म्हणाली. "मी दिसते की त्यात."

शरणम्मा फिल्मवालीला म्हणाली, "मागं घे. पुन्ना लाव."

बाईंनी टेप मागं घेतली. पुन्हा बाया डबा घेऊन आल्या, पुन्हा महादेवीनं डोळ्यांना पदर लावला. आम्ही सगळ्या जणी बघत होतो, आणि या वेळी पिठाकडं कुणी बघितलं नाही.